शेवटच्या रांगेतला हात

३ फेब्रुवारी

आजपासून नवा विश्वस्त कायदा लागू झाला. सकाळीच वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन. "अभिनंदन सर, तुमचा कायदा आला!" माझा कसला? बावीस वर्षं त्यावर बोललो, लिहिलं, समितीसमोर साक्ष दिली, एवढंच. पण नाही म्हणावंसं वाटलं नाही. अठ्ठावीस मार्चला वाचनालयाच्या सभागृहात माझं भाषण ठरलं. विषय मीच दिला: लाभार्थ्याचा जाणण्याचा हक्क.

सोप्या शब्दांत लिहून ठेवतो, भाषणात उपयोगी पडेल. माणूस आपलं घर ट्रस्टमध्ये घालतो, म्हणजे ते विश्वस्ताच्या ताब्यात देतो आणि त्याचा उपभोग कुणी, किती, कधीपर्यंत घ्यायचा ते दस्तात लिहितो. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते लाभार्थी. गंमत अशी की आजवर त्यांना हे सांगायचं बंधनच नव्हतं. दस्त कपाटात, किल्ली उशाखाली. करणारा गेल्यावर कपाट उघडायचं, तेव्हा कळायचं की आपल्या नावावर काय होतं आणि कुठल्या अटीवर. आता नव्वद दिवसांत प्रत्येक लाभार्थ्याला पूर्ण दस्त दाखवायचा, त्याची सही घ्यायची आणि नोंदणी कार्यालयात दाखल करायची.

बहिणीला, धाकटीला, सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती कांदा चिरत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता जेवताना तरी दुसरा विषय निघेल."

"अठ्ठावीसला येशील ना? शेवटच्या रांगेत?"

"बघू. दुकानात काय असेल त्यावर."

ही आमची जुनी रीत. मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हापासून माझ्या प्रत्येक भाषणाला धाकटी शेवटच्या रांगेत बसायची. आवाज पोचला नाही की तिने नुसता हात वर करायचा. मी आवाज चढवायचा. मागचे लोक समजायचे, बाईंना प्रश्न विचारायचा आहे. पुढे चांगले माईक आले तरी ती हात वर करायची. नंतर नंतर मला वाटायला लागलं की ती ऐकू येत असूनही मुद्दाम करते. गेली सहा-सात वर्षं येत नाही. दुपारी दोन ते सहा ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात बसते. रविवारी दुकान बंद, तरी दिवसभर जाते. फ्रेमा लावायच्या असतात म्हणे. दुकान आपल्या हॉलच्या निम्मं नाही. लावून लावून किती फ्रेमा लावणार?

९ फेब्रुवारी

भाषणाचे मुद्दे काढायला बसलो. सुरुवात जमली: "ज्याच्यासाठी दार बांधलं त्यालाच दाराचा पत्ता नसेल, तर त्याला दान म्हणत नाहीत. त्याला ताबा म्हणतात." इथे थांबायचं. टाळ्या पडतील.

मी थांबलोच. कारण आठवलं की माझाही एक दस्त आहे.

कपाटातून पत्र्याचा डबा काढला. बारा वर्षांपूर्वीचा कागद, कडा पिवळ्या. घर ट्रस्टमध्ये. विश्वस्त मी एकटा. मी हयात असेपर्यंत मी राहायचं. धाकटीला तहहयात राहण्याचा हक्क. तिच्यानंतर घर माझ्या मुलाचं आणि त्याच्या मुलाबाळांचं. रद्द न होणारा दस्त. तेव्हा मीच तसा हट्ट धरला होता, म्हणजे उद्या कुणी माझ्याकडून काही बदलून घेऊ शकणार नाही.

चांगलाच होता दस्त. ही गेली, त्यानंतर वर्षभराने केलेला. ही आजारी पडली तेव्हा धाकटी आपली भाड्याची खोली आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून इथे आली ती आलीच. तिच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून मी हे केलं. तिला सांगितलं नाही, कारण आभार मानले असते, आणि आभार ऐकले की मला अवघडल्यासारखं होतं.

मग कलम सात वाचलं. "सदर बहिणीने विवाह केल्यास तिचा राहण्याचा हक्क विवाहाच्या दिवसापासून संपुष्टात येईल."

हे मी विसरलो होतो असं लिहायला हात सरसावला होता. विसरलो नव्हतो.

१० फेब्रुवारी

कलम काढून टाकायचं. सोपं आहे.

१४ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेलो. एके काळची माझी विद्यार्थिनी, वक्तृत्वाच्या ढाली जिंकायची, आता ट्रस्टचीच कामं बघते. खोलीत दोन खुर्च्या, तिसऱ्या खुर्चीवर फायली. दस्त वाचताना तिने चष्मा नाकावर वर ढकलला.

"नवीन फ्रेम?" मी विचारलं.

"ताईंनी निवडून दिली. त्या समोर नसत्या तर मी काळीच घेतली असती." मग ती कलम सातपाशी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला बरं वाटलं. "सर, हे काढायचंय?"

"म्हणून तर आलो."

"काढता येईल. लाभार्थ्याची लेखी संमती लागेल. ताईंची."

"घेतो की. कुठे सही करायची ते सांग, मी तिच्याकडून आणतो."

"तसं नाही चालत. संमतीआधी जुनं कलम त्यांना वाचायला द्यावं लागतं, आणि वाचल्याची वेगळी सही."

"म्हणजे काढायचं असेल तर आधी दाखवायचं?"

"हो सर." मग हसली. "समितीसमोर तुम्हीच म्हणाला होतात ना, गुपचूप लिहिलेलं गुपचूप पुसता येता कामा नये. मी मागे बसले होते. अंगावर काटा आला होता माझ्या."

माझ्याही अंगावर आला होता, पण उशिरा.

"ताई अविवाहित आहेत ना?" तिने पेन उघडत विचारलं.

"कुठलं आलंय या वयात."

"मग काही बिघडलेलं नाही. दाखवा, दोन सह्या घ्या, संपलं."

१५ फेब्रुवारी

सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

१६ फेब्रुवारी

डोकं थांबलं. सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी

ते कलम मी का घातलं याचा प्रामाणिकपणे विचार करायचा ठरवला. दुपारी घर रिकामं असतं, विचाराला बरं.

त्या वेळच्या वकिलाला सांगितलेलं कारण: घरावर डोळा ठेवून कुणी एकट्या बाईशी लग्न करू नये. स्वतःला सांगितलेलं कारण: तेच. आणि ते चुकीचं नव्हतं. तेव्हा कोपऱ्यावरचे हे चष्मेवाले नुकतेच घरी यायला लागले होते. माझा नंबर बदलला होता, पण दर आठवड्याला थोडाच बदलतो? बायकांच्या वारसाहक्कावर मी गावोगाव बोललो आहे. विधवांना घराबाहेर काढणाऱ्या दिरांची मी भर सभेत सालटी काढली आहेत. मी असल्या गोष्टी ओळखतो.

मग तीन वर्षांनी, म्हणजे आजपासून नऊ वर्षांपूर्वी, धाकटीने मला विचारलं होतं, "दादा, मी लग्न केलं तर?" मी म्हणालो, "तू स्वतंत्र आहेस. माझी परवानगी कशाला मागतेस?" कलमाबद्दल बोललो नाही. तिने विषय परत काढला नाही. मीही नाही. तिने विचार सोडून दिला असावा. त्या रात्री मला गाढ झोप लागली हेही आठवतं.

आणखी एखादं कारण असेल का म्हणून बराच वेळ बसलो. सुचेना. उठून चहा घेतला. थर्मासमध्ये असतो. दोनला जाताना धाकटी भरून ठेवते, साडेतीनला मी घेतो, तरी तोंड भाजेल इतका गरम असतो.

२ मार्च

सकाळी धाकटी खिडकीपाशी शर्टाची कॉलर उलटवत होती. माझा शर्ट नव्हता.

"दुकानदाराचा," ती म्हणाली.

"नोकरीत हेही काम असतं?"

"नोकरी कुठे म्हटलं मी?" तिने दाताने दोरा तोडला. "तुझ्या त्या नोंदणीच्या अर्जात नवऱ्याचं नाव घालावं लागतं का रे?"

"कुणाला हवंय?"

"दुकानात एक बाई आली होती, तिचा काहीतरी ट्रस्ट आहे."

मी खूश झालो. कायदा दुकानापर्यंत पोचला म्हणायचा. "घालावं लागतं. लाभार्थ्याचं लग्न झालं असेल तर तारीख आणि जोडीदाराचं नाव. खोटं लिहिलं तर नोंद रद्द."

"आणि त्या बाईने घरी सांगितलंच नसेल तर?"

"मग बाईंचं कठीण आहे."

"बाईंचं की घरच्यांचं?"

प्रश्न चांगला होता. भाषणात घेईन म्हणून टिपून ठेवला.

६ मार्च

मुलाचा फोन. तो दुसऱ्या शहरात पूल बांधतो, बोलतोही पुलासारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. लाभार्थी म्हणून त्यालाही दस्त पाठवला होता. मनात असं की आधी त्याला दाखवावा, म्हणजे धाकटीला दाखवायची थोडी तालीम होईल.

"बाबा, कलम सात वाचलं."

"ते काढतोय मी."

"आत्याने वाचलं?"

"अजून नाही."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तुम्ही तिला आधी सांगा. माझ्याकडून काही निघायला नको."

"तुझ्याकडून काय निघणार?"

"तुम्ही सांगा हो आधी."

मुलांना वडिलांना घाई करायला आवडतं.

११ मार्च

दाखवला.

सकाळचे अकरा. जेवणाच्या टेबलावर दस्त ठेवला आणि म्हणालो, "हा घराचा ट्रस्ट. त्यात तू आहेस. वाच आणि दोन ठिकाणी सही कर. सातवं कलम जुनं आहे, ते काढून टाकायचंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस."

चाळीस वर्षं लोकांसमोर बोलण्याचा अनुभव असून मी हे वाक्य बोललो.

तिने अर्थातच सातव्या कलमापासून सुरुवात केली. दोनदा वाचलं. मग पहिलं पान. मग शेवटचं पान, जिथे तारीख असते.

"ही तारीख बरोबर आहे?"

"हो."

"म्हणजे मी तुला विचारलं त्याच्या तीन वर्षं आधीची."

"हो."

"मी वाटाणे सोलत होते. तू दारात उभा होतास, तिथे. म्हणालास, तू स्वतंत्र आहेस, माझी परवानगी कशाला मागतेस."

"म्हणालो होतो."

"छान म्हणाला होतास. मी दुकानात जाऊन जसंच्या तसं ऐकवलं होतं. म्हटलं, बघा, माझा दादा बोलतो तसा वागतो." तिने कागद सारखे केले आणि चौकोनी घडी घातली. "हे मी नेते."

"सही?"

"वाचायला देतात तेव्हा वाचू द्यायचं असतं. तूच म्हणतोस ना?" तिने पर्स उचलली. "थर्मास भरलेला नाही. पाणी उकळून घे. चहाची पूड निळ्या डब्यात."

सहाला आली. पर्समधून अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. मी भरायला आणून ठेवलेलाच, तिच्या ठसठशीत अक्षरात भरलेला. वैवाहिक स्थिती: विवाहित. तारीख साडेसहा वर्षांपूर्वीची. जोडीदाराच्या रकान्यात चष्मेवाल्यांचं नाव.

मी तीन वेळा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

"साडेसहा वर्षं?"

"हो."

"आणि राहिलीस इथे?"

"त्या महिन्यात तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. म्हटलं, पट्टी निघू दे. मग दुसऱ्या डोळ्याचं निघालं. मग सवय झाली."

"कुणाला?"

"तिघांनाही."

"पण सांगायचं नाही? मी काय खाल्लं असतं तुला?"

"ते रोज म्हणायचे, सांगू या. मी म्हणायचे, थांबा, त्याचं त्याला दिसेल. दुपारी जातेय, रविवारी जातेय, कॉलर शिवतेय. दिसेल कधीतरी." ती उठून दिव्याच्या बटणांपाशी गेली आणि मला पाठमोरी म्हणाली, "ते म्हणतात, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं चांगली झालीत, नंबरही बरोबर आहे. यापुढे दुकानात काही इलाज नाही."

१२ मार्च

मुलाला फोन केला. आवाज चढवला असावा, कारण तो म्हणाला, "बाबा, मी फोनवर आहे, हॉलमध्ये नाही."

"तुला माहीत होतं?"

"मी साक्षीदार होतो. सही आहे माझी. आत्याने शपथ घातली होती की ती सांगेपर्यंत बोलायचं नाही." मग जरा नरमला. "मला ते घर नको बाबा. आज लिहून देतो."

"तुझ्या एकट्याचं नाही ते. मुलाबाळांचं असं लिहिलंय."

"मग तुमच्या नातीला विचारा. सहा वर्षांची आहे. आजीआत्याला ती घर काय, आपली सायकलही देईल."

हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र कळलं की तो हसत नव्हता.

१५ मार्च

वकीलबाईंनी अर्ज आणि दस्त शेजारी शेजारी ठेवले.

"सर, शब्दशः वाचलं तर ताईंचा हक्क साडेसहा वर्षांपूर्वीच संपला. त्या तुमच्या घरात पाहुण्या आहेत. तुमच्यानंतर त्यांना तिथे एक दिवसही राहता येणार नाही. आणि कलम काढायला त्यांची संमतीही चालणार नाही, कारण त्या आता लाभार्थीच नाहीत."

"मुलगा सोडायला तयार आहे."

"तो स्वतःचं सोडेल. मुलीचं सोडता येत नाही त्याला, ती अज्ञान आहे."

धाकटीची जुनी खोली कधीच दुसऱ्याला गेली. चष्मेवाल्यांचं बिऱ्हाड म्हणजे दुकानामागची एक खोली, जागामालकाने ती वर्षअखेर रिकामी करायला सांगितली आहे, हे मला वकीलबाईंकडून कळलं. तिला धाकटीने सांगितलेलं. मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं.

"एक वाट आहे," ती म्हणाली. "नव्या कायद्याचं चौदावं कलम. जी अट लाभार्थ्याला कधी कळवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध लागू होत नाही. जुन्या दस्तांनाही. तुम्ही लपवलंत, म्हणून कलम सात कधी लागूच झालं नाही. ताईंचा हक्क शाबूत."

मी खुर्चीत मागे टेकलो. "मग झालं तर."

"पण ते शाबीत कुणी करायचं? विश्वस्ताने. तुम्ही शपथपत्र द्यायचं, की अट मी घातली, तिच्यापासून लपवली, तिने विचारलं तेव्हाही सांगितली नाही. शेवटी एक रकाना आहे, न सांगण्याचं कारण. तो रिकामा ठेवता येत नाही. हे शपथपत्र नोंदवहीत लागेल."

"नोंदवही कुणालाही बघता येते?"

"तुमचीच मागणी होती, सर."

मी बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत एक माणूस काच पुसत होता.

"समज," मी म्हणालो, "मी तिला तेव्हा तोंडी सांगितलं होतं, असं म्हटलं तर?"

तिने पेन खाली ठेवलं. ढाली जिंकायची तेव्हाही प्रतिपक्षाकडे ती अशीच बघायची. "तर तुमचं नाव स्वच्छ राहील. कलम लागू होईल. आणि ताई रस्त्यावर येतील. सर, तुम्हाला खरंच हे विचारायचं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "भाषणात कुणी विचारेल म्हणून."

तिने ते मान्य केल्यासारखं केलं. "आणखी एक. शपथपत्र लाभार्थ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, माझ्यासमोर. तुम्हीच सुचवलं होतं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी."

"धाकटीला वाचता येतं."

"कायद्यात तसा फरक केलेला नाही."

१९ मार्च

शपथपत्राचा मसुदा केला. साडेचार पानं. तत्कालीन समाजस्थिती, एकट्या स्त्रियांची फसवणूक, विश्वस्ताचं कर्तव्य आणि भावनेचा पेच, अशी मांडणी. शेवट मला स्वतःला आवडला.

वकीलबाईंनी संध्याकाळपर्यंत परत पाठवला. साडेचार पानांवर तिरप्या रेघा. सहा ओळी शिल्लक. कारणाच्या रकान्यात मी लिहिलेल्या सतरा ओळींपैकी एकही नाही. समासात पेन्सिलीने: "सर, हे कारण नाही, हे भाषण आहे."

मी विद्यार्थ्यांच्या वह्यांवर हेच लिहायचो.

२१ मार्च

धाकटी सकाळी येते, स्वयंपाक करते, दोनच्या आधीच जाते आणि राहते दुकानामागे. दहा दिवस झाले. भांडलेली नाही. भाजीत मीठ बरोबर असतं.

आज तिला विचारलं, "शपथपत्र दिलं तर राहशील इथे? दोघंही?"

"आधी हक्क माझा होऊ दे. मग राहायचं की नाही ते आम्ही ठरवू. दाराचा पत्ता मिळाला म्हणून लगेच आत यायलाच पाहिजे असं नाही ना?"

ते वाक्य तिने कुठे वाचलं? माझ्या टेबलावरचे कागद ती नीट लावून ठेवते, तेव्हाच वाचलं असणार.

अध्यक्षांना फोन करून कळवलं, अठ्ठावीसला माझ्याऐवजी वकीलबाई बोलतील. "तब्येत?" त्यांनी विचारलं. म्हणालो, तब्येत ठणठणीत आहे, विषय माझा राहिलेला नाही.

चहा स्वतः केला. थर्मासमध्ये भरला. साडेतीनला कोमट. झाकण नीट बसवायची काहीतरी युक्ती असणार. बारा वर्षांत बघितली नाही. थर्मास हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. मग टेबलाशी जाऊन कारणाचा रकाना भरला. चार शब्द लागले.

२४ मार्च

आज वाचन झालं. आपल्याच स्वयंपाकघरात, सकाळी दहाला. वकीलबाई टेबलाशी. धाकटी सर्वांत लांब, मागच्या दाराजवळच्या स्टुलावर. तिच्या शेजारी चष्मेवाले, हातात हात घालून वगैरे नाही, पाहुण्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून. कॉलर उलटवलेला शर्ट त्यांच्या अंगावर होता. बारा वर्षांत मी त्यांच्याशी नंबरापलीकडे काही बोललो नव्हतो. म्हणालो, "बसा." ते बसलेलेच होते.

कागद घेतला तर अक्षरं तरंगायला लागली. मी कागद लांब धरला, जवळ धरला. चष्मेवाले उठले. "बघू," म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. खिशातल्या कापडाने पुसला, नाकावरच्या पट्ट्या अंगठ्याने जरा आत दाबल्या, एक काडी वाकवली, आणि परत माझ्या कानांवर बसवला. "घसरत होता," ते म्हणाले. "आता दिसेल." आणि जाऊन बसले.

वाचलं.

"मी, या घराचा विश्वस्त, शपथेवर सांगतो की, माझ्या बहिणीने लग्न केल्यास या घरात राहण्याचा तिचा हक्क संपेल, अशी अट मी बारा वर्षांपूर्वी दस्तात घातली. ही अट मी तिला कळवली नाही. नऊ वर्षांपूर्वी तिने लग्नाविषयी मला विचारलं, तेव्हा ती स्वतंत्र आहे असं मी तिला सांगितलं आणि ही अट सांगितली नाही. त्यानंतर तिला सांगण्याची संधी मला रोज होती."

इथवर आवाज ठीक होता. हजार माणसांपुढे मी कागदाशिवाय दोन दोन तास बोललो आहे. स्वयंपाकघरात तीन माणसं होती आणि एक ओळ उरली होती. ती मी वाचली. वाचली असं मला वाटलं.

वकीलबाईंनी मान वर केली.

मागच्या दाराजवळ धाकटीने हात वर केला.

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. सभागृहात असायचा तसाच चेहरा. हात खांद्याच्या वर, सरळ, आणि ती तो खाली घेत नव्हती.

मी घसा साफ केला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ती ओळ पुन्हा वाचली.

"न सांगण्याचं कारण: ती निघून जाईल म्हणून."

तिने हात खाली घेतला.